बेरजेत न बसणारा पाऊस

आमचे भावजी पावसावर कधी चिडत नाहीत. ते चिडतात पावसाच्या बेरजेवर. सकाळच्या बातम्यांत कुणी म्हणालं, ‘काल शहरात एवढे मिलिमीटर पाऊस झाला,’ की त्यांचा कप बशीवर आदळलाच म्हणून समजा. “एवढे म्हणजे कसे? दिवसभर रिमझिम, की अर्ध्या तासात धो धो? आधी जोराचा आणि मग बारीक, की आधी बारीक आणि मग जोराचा?” बातम्या देणारी बाई काही उत्तर देत नाही. ताई देते. “अहो, पडला ना एकदाचा? कप कसाही फुटला तरी बेरीज एकच येते. हळू ठेवा.”

मी ताईची धाकटी बहीण. राहते त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, आणि जेवायला खाली असते. नोकरीही भावजींच्याच पालिकेत, पाणीपट्टीच्या खिडकीवर. त्यामुळे लग्न न करताही नवरा नावाच्या माणसाची कटकट दोन्ही वेळ ऐकायचं पुण्य माझ्या पदरी पडलं आहे. मी ऐकते आणि उलट बोलते. ते मला ‘मेहुणीबाई’ म्हणतात आणि माझ्याशी भांडून झालं की त्यांना भूक लागते.

भावजी नाले विभागात आहेत. कुठल्या ओढ्याला किती पाणी येईल, त्याच्यावर केवढा पूल, रस्त्याखाली केवढी मोरी, हा हिशेब करणं त्यांचं काम. शहराच्या मोठ्या नदीसाठी मोठे तज्ज्ञ आहेत. ते गाडीतून येतात आणि त्यांना बिस्किटं देतात. भावजींच्या वाट्याला छोटी पाणलोटं. पाणलोट म्हणजे, त्यांच्याच भाषेत, ‘जिथं पडलेलं पाणी फिरून फिरून एकाच तोंडाशी येतं तेवढी जमीन’. दोन उतार, एक शाळेचं मैदान, चार-पाच गल्ल्या, तळाशी एक ओढा, की झालं पाणलोट. मोठी नदी म्हणजे मोठं कुटुंब, असं ते सांगतात. कुठे एकजण भडकला तरी बाकीचे शांत असतात, त्यात त्याचा राग मुरतो. छोटा ओढा म्हणजे तुमची ताई. वर पडलं की खाली लगेच दिसतं, मध्ये विचार करायला वेळच नाही. ताई हे ऐकते आणि वेळ न घेता उत्तर देते, म्हणजे त्यांचा मुद्दा सिद्धच होतो.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: किती पडला हे विचारू नका, कसा पडला ते विचारा. आणि त्यांचा सगळा दोषही एकाच वाक्यात मावतो. त्यांना काहीही विचारा, “या गल्लीत पाणी तुंबेल का हो?” ते डोळे बारीक करून म्हणणार, “ते अवलंबून आहे.” जमिनीवर अवलंबून, आधी पडून गेलेल्या पावसावर अवलंबून, जोर केव्हा येतो त्यावर अवलंबून. ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘अवलंबून साहेब’ म्हणतात. त्यांना हे माहीत आहे. त्यांना त्याचं वाईट वाटतं का, हे एकदा मी विचारलं होतं. काय उत्तर आलं असेल ते सांगायला नको.

आता जी गोष्ट सांगायची ती ताईच्या पाळणाघराची आहे.

आमच्या गल्लीचा उतार संपतो तिथे, ओढ्याला लागून, एक जुनं दुमजली घर आहे. वर जायला बाहेरून जिना. तळमजल्यावर ताईचं पाळणाघर होतं. दवाखान्यात, दुकानांत कामाला जाणाऱ्या बाया सकाळी पोरं सोडून जायच्या. भिंतीला ओळीनं खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र, कारण पोरांना वाचता येत नाही: बदक, ट्रक, छत्री, हत्ती. बदकवाला पोरगा ट्रकच्या खुंटीला पिशवी अडकवायचा आणि मग महायुद्ध व्हायचं. जमिनीवर सापडलेला मोजा नुसता नाकाशी धरून ताई सांगायची की तो कुणाचा. मी आयुष्यात कुणाला आपल्या कामात इतकं रमलेलं पाहिलं नाही. जेवण झालं की गाद्या घातल्या जायच्या आणि सगळी पलटण जमिनीवर आडवी व्हायची.

घराच्या अगदी पुढ्यात ओढा रस्त्याखालून जातो. तिथे जुनी दगडी मोरी होती, ऐसपैस. जड गाड्या जाऊन जाऊन ती खचली, आणि खात्यानं ठरवलं की ती काढून तयार सिमेंटचा पाइप टाकायचा. स्वस्त, झटपट, आणि फोटोत छान दिसतो. प्रश्न एवढाच होता की पाइप केवढा. तो लहान पडला तर अडलेलं पाणी मागे फुगणार, आणि मागे पहिला उंबरा होता ताईचा, ज्याच्या पलीकडे पोरं जमिनीवर झोपलेली असतात. भावजींची झोप उडाली ती तेव्हापासून.

खात्याच्या हिशेबात पावसाचा जोर नेहमी सुरुवातीलाच धरलेला असतो. का, तर वरिष्ठांच्या वरिष्ठांनी तसा धरला होता. सुरुवातीला जोर आला तर कोरडी जमीन त्यातलं बरंचसं पिऊन टाकते आणि ओढ्याला उरतं बेताचं. पण दिवसभर भुरभुर पडून जमीन तुडुंब झाली, आणि मग शेवटी जोर आला, तर गल्लीच्या वरच्या अंगाचं शाळेचं मैदान एक थेंब घेत नाही. सगळंच्या सगळं ओढ्यात. मैदानापासून मोरीपर्यंत यायला त्या पाण्याला चहा निवायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागत नाही. पाऊस दोन्ही दिवशी तेवढाच, बेरीज तीच, पण लोंढा दुप्पट. भावजी म्हणत होते एकाऐवजी दोन पाइप टाका. मोठे साहेब म्हणत होते, एक आकड्यात बसतो.

“पण साहेब, जोर शेवटी आला तर?”

“शेवटीच येईल असं आहे का?”

“ते अवलंबून आहे.”

“मग येईल तेव्हा बघू,” मोठे साहेब म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली. खुर्चीत बसून ओढ्याला कुठून वाहायचं ते सांगणं, याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मी हे खिडकीवर मोठ्यानं म्हटलं, आणि रांगेतला एक गृहस्थ उगाच घाबरला.

शेवटी भावजींनी ठरवलं की आकड्यांनी पटत नाही ना, मग डोळ्यांना दाखवू. त्यांनी पत्र्याचे दोन उथळ ट्रे करून घेतले, एका बाजूला नळी असलेले. मैदानातली माती आणली आणि गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून कडक वाळवली. ताईच्या वाळत घातलेल्या चादरींवर त्या मातीची धूळ बसली त्यावरून जे झालं ते मी लिहीत नाही. दोन्ही ट्रेमध्ये सारखी माती, सारखा उतार, नळीखाली एकेक काचेची बरणी. मग झारीनं पाणी. दोन्हींना अगदी सारखंच पाणी, फक्त एकाला आधी जोराचं मग बारीक, आणि दुसऱ्याला आधी बारीक मग जोराचं.

घरी गॅलरीत केलं तेव्हा मी स्वतः पाहिलं. पहिल्याची बरणी तळाशी जेमतेम ओली. दुसऱ्याची गळ्यापर्यंत गढूळ पाणी, आणि तेही एकदम, भसकन. ताईसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिली. “अगं बाई,” ती म्हणाली, “हे तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात होय?” भावजींचा चेहरा असा झाला की लग्नातल्या फोटोतसुद्धा तो तसा नाही. त्या दिवशी मला वाटलं, चला, आता या माणसाचं ऐकतील.

बैठकीच्या दिवशी ट्रे धरायला दोन माणसं हवीत म्हणून मी खिडकीवर दुसऱ्या बाईला बसवून वर गेले. मोठे साहेब, ठेकेदार, नाले विभागाची सगळी मंडळी टेबलाभोवती. भावजींनी छान सुरुवात केली. पहिल्या ट्रेवर मी झारी धरली, दुसऱ्यावर त्यांनी. जोराचं, बारीक. बारीक, जोराचं. नळ्या वाहिल्या. बरण्या भरल्या. दोन्ही सारख्या भरल्या.

मोठे साहेब वाकून बघत होते. “दोन्ही सारख्याच की हो.”

भावजींनी ट्रेमध्ये बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हाच कळलं. सकाळी निघायच्या आधी, मन मानेना म्हणून, त्यांनी तोच प्रयोग पुन्हा एकदा करून बघितला होता. नंतर पाणी ओतून दिलं, वरची ओली माती खरवडली आणि वर कोरडी मुठीमुठीनं भुरभुरली. दिसायला माती खडखडीत. आत गच्च ओली. आणि हे कुणी केलं? ज्या माणसानं आम्हाला उठता-बसता ऐकवलं की वरून बघू नका, आधी किती पडून गेलाय ते बघा, त्यानं! हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं काय असतं? मला त्यांची दयाही आली आणि झारी डोक्यावर उपडी करावीशीही वाटली.

“माती आधीच ओली होती,” भावजी म्हणाले. “सकाळी मी एकदा... पण साहेब, हेच तर मी सांगतोय! आधीचं पाणी वरून दिसत नाही, पण ते आत असतं. म्हणून तर दोन्ही सारखं वाहिलं. उलट यानं माझंच म्हणणं...”

“नाचता येईना अंगण वाकडं,” ठेकेदार म्हणाला.

“अंगण वाकडं नाही, ओलं आहे,” मी म्हणाले. माझी जीभ मधे बोलल्याशिवाय राहत नाही. त्यावर सगळ्यांत मोठा हशा पिकला, आणि भावजींचा उरलासुरला मुद्दा त्यात वाहून गेला.

मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनी डोळे पुसले आणि खरंच नीट विचारलं, “हे बघा, एकच सांगा. हो किंवा नाही. हा एक पाइप टाकला तर त्या घरात पाणी शिरेल का? तुम्ही हो म्हणा, मी दोन टाकतो.”

मी झारी छातीशी धरून मनात म्हणत होते, हो म्हणा, भावजी, एकदा हो म्हणा, दोन अक्षरं सुद्धा नाहीत. भावजींनी तोंड उघडलं, मिटलं, चष्मा काढला. “साहेब, नक्की असं... म्हणजे ते पाऊस कसा...”

“अवलंबून आहे,” कुणीतरी कोपऱ्यातून वाक्य पुरं केलं. एक पाइप मंजूर झाला.

परत येताना जिन्यात मी त्यांना धरलं. “एक शब्द बोलायला काय झालं होतं?” ते ट्रे सांभाळत उतरत होते. “मेहुणीबाई, मला जे नक्की माहीत नाही ते नक्की कसं म्हणू?” मी म्हणाले, “मोठे साहेब म्हणतात ना रोज?” ते म्हणाले, “म्हणून तर मोरी लहान होतेय.” प्रामाणिक माणसाशी भांडण्यासारखा ताप नाही. तो हरतो आणि तुम्हालाही जिंकू देत नाही.

पाइप आला, बसला, फोटो निघाला. आणि मग पाळणाघराच्या भाडेकराराचं वर्ष संपत आलं. मालकानं ताईला विचारलं, पुढे ठेवायचं की सोडायचं. ताईनं जेवताना ताट बाजूला सरकवलं आणि नवऱ्यासमोर बसली.

“मला शास्त्र सांगू नका. माझ्या पोरांच्या गाद्यांपर्यंत पाणी येणार की नाही? मी ते घर ठेवू की सोडू?”

मी वाट बघत होते त्या शब्दाची. तो आला नाही.

“येणार,” ते म्हणाले. “सोड.”

पालिकेत जे ठाम उत्तर त्यांच्या तोंडून निघालं नाही ते घरच्या टेबलावर निघालं. का, ते मला समजतं. साहेबांशी बोलताना त्यांना खरं बोलायचं होतं; बायकोशी बोलताना त्यांना भीती वाटली. ताईनं वाद घातला नाही, आणि तेच भयंकर होतं. तिनं पाळणाघर बंद केलं. दुसरीकडे तेवढ्या भाड्यात, बायांना कामावर जाता-येता पडेल अशी जागा मिळाली नाही. ती एका शाळेत मदतनीस म्हणून जाऊ लागली, जिथे दुसरी कुणी तिला सांगते की मुलांना आता बाहेर न्या, आता आत आणा. घरी येते तेव्हा तिच्या अंगाला आता खडूचा वास असतो. ती कधी काही बोलली नाही. ती न बोलणारी बाई नाही, म्हणून घर कसं झालं असेल ते समजून घ्या.

त्याच जागेत दोन महिन्यांत एका नव्या बाईनं पाळणाघर काढलं. तरुण, हसरी, दाराला पिवळा रंग दिला. ताई रस्त्यात भेटली तर ती आनंदानं सांगायची, “ताई, तुमच्या खुंट्या फार उपयोगी पडल्या हो!” ताईची निम्मी पोरं तिच्याकडेच जायला लागली. भावजी एकदा तिला समजावायला गेले. जमीन, जोर, आधीचा पाऊस, सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “काका, मालक म्हणतात इथं कधी पाणी आलेलं नाही. आणि तुमच्या घरच्यांना सोडायचं नव्हतं, ते मला कळतं हो.” म्हणजे यांना पोटदुखी आहे असा तिचा समज. पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन भावजी म्हणाले, “ती चुकीचं नाही बोलली. तिच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.” मी म्हणाले, “तुम्ही कधीतरी कुणाच्या जागी न बसता नुसते चिडा हो!”

पहिल्या वर्षी बेताचा पाऊस झाला. दुसऱ्या वर्षी आमच्या शहरात कुणाच्या आठवणीत नाही एवढा झाला, आणि कसा झाला? प्रत्येक वेळी आधी दणकून आणि मग दिवसभर बारीक. बरोबर खात्याच्या हिशेबात लिहिल्यासारखा. पाइपमधून पाणी शिस्तीत गेलं. मोठे साहेब भावजींना जिन्यात गाठून म्हणाले, “काय हो, विक्रमी पाऊस झाला म्हणे! तुमचा ओढा तर झोपलेलाच.” भावजी म्हणाले, “साहेब, किती पडला ते नाही, कसा...” साहेब तोवर एक मजला खाली गेले होते.

आणि घरी ताई. ती बातम्या लावायची, आकडा ऐकायची आणि नवऱ्याकडे बघायची. एवढंच. त्या बघण्यात सगळं होतं: माझी पोरं, माझ्या खुंट्या, माझं पिवळं व्हायला नको होतं ते दार, आणि तुमचं ते ‘येणार’. भावजी त्या बघण्याखाली दिवसेंदिवस वाळत चालले. ढग आले की खिडकीत जायचे. पाऊस सुरू झाला की घड्याळ बघायचे. जोर आधी आला की खांदे पाडून परत खुर्चीत बसायचे. माणूस पूर न आल्याबद्दल निराश होतो हे बघवत नव्हतं, आणि त्यांना ते स्वतःलाही बघवत नव्हतं.

मग तो दिवस आला. पहाटेपासून भुरभुर. छत्री उघडावी की नको असा पाऊस, जो कुणी पाऊस म्हणून मोजत नाही. दुपारपर्यंत तसाच. माझ्या खिडकीसमोर लोक ओल्या केसांनी उभे राहून हसत होते, की हा काय पाऊस आहे! जेवणानंतर भावजी खाली आले आणि माझ्या खिडकीशी उभे राहिले, रांगेच्या बाजूला. “मेहुणीबाई, मैदान भरलं असेल आता,” एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र होता. थोड्या वेळानं बाहेर एकदम अंधारलं आणि पत्र्यांवर असा आवाज सुरू झाला की मला समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. भावजी दारातून पळत जाताना दिसले. मी खिडकी बंद केली, मागून कुणीतरी ओरडलं, आणि मीही पळाले.

गल्ली उतरताना पाणी आमच्याबरोबर धावत होतं. तळाशी पोचलो तर पाइपचं तोंड दिसतच नव्हतं, त्यावर गढूळ पाणी गोल फिरत होतं, आणि मागे ओढा फुगून घराच्या अंगणात आला होता. दाराच्या खालच्या पायरीवर पाणी. भावजींनी पिवळं दार ठोठावलं. “मुलांना वर न्या! जिन्यानं वर! आत्ता!”

नवी बाई दारात आली, पाणी बघितलं आणि गोंधळली. मागे पोरं गाद्यांवरून उठून बसली होती, दोन-तीन रडत होती. “काका, थांबा, मी त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय...” “विचारायचं नंतर!” मी भावजींना कुणावर ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. तिनं एक पोरगी त्यांच्या हातात दिली. ते तिला कडेवर घेऊन जिना चढले, वरच्या बिऱ्हाडात सोडून आले, दुसरं पोर घेतलं. मी एकाला धरलं, त्यानं माझे केस ओढले. पाणी वरच्या पायरीला लागलं. उंबरा आणि पाणी यांत एका वितीचं अंतर राहिलं, मग चार बोटांचं.

आणि पाऊस थांबला. हळूहळू नाही, नळ बंद करावा तसा. पाणी तिथेच थांबलं, थोडा वेळ विचार करत असल्यासारखं उंबऱ्याखाली हललं आणि मग उतरायला लागलं. पाइपनं घोट घेतल्यासारखा आवाज केला. नवी बाई हसायला लागली, सुटकेनं. “बघितलंत काका? कुठं काय झालं?” तिनं भावजींच्या कडेवरचं पोर घ्यायला हात पुढे केले. तेवढ्यात एका पोराचा बाप मोटरसायकलवरून आला, आपलं पोर एका चिंब भिजलेल्या अनोळखी माणसाच्या कडेवर बघून त्यानं ते हिसकावूनच घेतलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?” भावजी म्हणाले, “कुणी नाही. पालिकेतला आहे.”

मला तिथे उभी राहून ओरडावंसं वाटत होतं. अजून थोडाच वेळ पडला असता तर! पण न पडलेला पाऊस कोण मोजतो? दुसऱ्या दिवशी खात्यात सांगितलं जाणार होतं की पाइपनं काल मोठा पाऊसही पेलला. आणि ते खोटंही नव्हतं.

घरी आलो तेव्हा ताई खिडकीत होती. शाळा लवकर सुटली होती. भावजींच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं.

“आलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“किती राहिलं?”

त्यांनी चार बोटं दाखवली.

“पोरं?”

“सगळी ठीक आहेत.”

ताई खुर्चीत बसली आणि एकदम रडायला लागली. हुंदके देऊन, लहान पोरासारखी. भावजी घाबरले. “अगं, रडतेस काय? कुणाला काही झालं नाही.”

“म्हणूनच रडतेय!” ती ओरडली. “मी इथं खिडकीत उभी राहून म्हणत होते, येऊ दे. एकदाचं येऊ दे आत. म्हणजे मी सोडलं ते उगाच नाही, असं तरी होईल. तिथं ती बदकवाल्याची धाकटी बहीण आहे, तो हत्तीवाला आहे, माझी पोरं आहेत सगळी, आणि मी म्हणत होते येऊ दे. मी काय बाई आहे हो?”

भावजी ओल्या कपड्यांनी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं, आता ते म्हणतील की ते अवलंबून आहे.

“मीपण म्हणत होतो,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत. कडेवर पोर होतं माझ्या, तरी.”